जुनी ट्रायल्स गाडी घेतली आहे: क्लच चिकटतो, मागचं चाक घसरतं. सुरुवात कुठून करू?

सातारकर_लीड्स

नमस्कार मंडळी,

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नोकरीमुळे लीड्सला असतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने गेल्या हिवाळ्यात मला मोटरसायकल ट्रायल्स बघायला नेलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरत नाही. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: इथे वेगाला किंमत नाही. ओढ्यातले दगड, चिखलाचा उभा चढ, झाडांच्या मुळ्या असा एक छोटा अवघड तुकडा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकता पार करायचा. पाय टेकला की गुण चढतात आणि ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकतो.

आता मी स्वतः एक जुनी गाडी घेतली आहे. २५० सीसी टू-स्ट्रोक, दहा-बारा वर्षांची, सीट नाही, वजन सत्तर किलोच्या आसपास. इंजिन गोड वाजतं. पण सकाळी थंड गाडी चालू करून पहिला गिअर टाकला की क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी उडी मारते आणि बंद पडते. ओल्या दगडावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हवा दोन्ही चाकांत १२ पीएसआय आहे, विकणाऱ्याने तेवढीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं याबद्दल कोणी ५०:१ म्हणतं, कोणी ८०:१.

गाडीवर आधी काय काम करू आणि दर वेळी चालवून आल्यावर काय काय बघायचं, हे कोणी अनुभवी माणसाने सांगितलं तर फार बरं होईल. पाने, ॲलन की वगैरे आहेत, हात काळे करायची तयारी आहे.

डोंगरवेडा_नाशिक

अरे वा, भारीच. ट्रायल्सचा अनुभव नाही, पण हिरोच्या एक्सपल्स मोटरसायकलवर त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या कच्च्या वाटा बऱ्याच केल्या आहेत. १२ पीएसआय मला तरी फार कमी वाटतं. आम्ही १८च्या खाली उतरत नाही. दगडावर आपटलं की ट्यूब चिमटून पंक्चर होते. घसरत असेल तर टायर बदलून बघा. आणि क्लच ओढत असेल तर सरळ नव्या प्लेटांचा सेट टाका, एकदाच काय तो खर्च.

कीथलीकर

सातारकर, अभिनंदन. मी मूळचा इचलकरंजीचा. इकडे कीथलीत कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे आणि बरीच वर्षं क्लबच्या ट्रायल्स चालवतो. बक्षिसं मिळवणाऱ्यांपैकी नाही, पण गाडीची सगळी कामं घरीच करतो.

तुम्ही या खेळाच्या माहेरी राहता. लीड्सजवळच्या शिप्लीत स्कॉट मोटरसायकलचा कारखाना होता. आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९१४ साली आपल्या कामगारांसाठी कारखान्यापासून बर्नसॉल गावापर्यंत एक चाचणी ठेवली, तीच आजची स्कॉट ट्रायल. आता ती ऑक्टोबरात यॉर्कशरमधल्या स्वेलडेल खोऱ्यात होते. तिथे पायाचे गुण लागतातच, शिवाय सगळ्यांत वेगवान स्वाराच्या मागे जितकी मिनिटं राहाल तितके गुण आणखी. जाऊन बघाच. आणि आमच्या शेजारच्या सिल्सडेनचे लॅम्पकिन: मार्टिन लॅम्पकिन १९७५ मध्ये ट्रायल्सचे पहिले जगज्जेते झाले, मुलगा डगी १९९७ ते २००३ सलग सात वर्षं. या भागातल्या ओढ्यांमध्ये चालवायला शिकलेली माणसं ही.

आता गाडी. ट्रायल्समध्ये आपण माणूस चालतो त्याहून हळू जातो. त्या वेगात क्लचचा लिव्हर नेमका कुठे धरतो, मागचं टायर दगडावर किती पसरतं, यावर सगळा खेळ असतो. लिव्हर कालच्यापेक्षा आज दोन मिलिमीटर अलीकडे धरायला लागला तर तुमचा सगळा सराव वाया जातो. म्हणून पैसा आणि वेळ टायर, क्लच, ब्रेक, फूटपेग (पाय ठेवायच्या खुंट्या) आणि बेअरिंगांवर घाला. इंजिनाला काही करू नका. २५०ची ताकद नवशिक्याला जरा जास्तच होते.

आधी हवा, कारण त्याला खर्च नाही. डोंगरवेडा यांचं त्यांच्या गाडीपुरतं अगदी बरोबर आहे: एक्सपल्स दीडशे किलोच्या वर, टायर ट्यूबवाले, शिवाय रस्त्याचा वेगही असतो. ट्रायल्सच्या गाडीचं मागचं टायर मात्र ट्यूबलेस असतं, ४.०० बाय १८ मापाचं, आणि त्याची भिंत इतकी मऊ की अंगठ्याने दाबली तर आत जाते. त्यात ४ ते ५ पीएसआय ठेवा. पुढच्या २१ इंची चाकात बहुतेक गाड्यांना ट्यूब असते, तिथे ६च्या आसपास. १२ला हे टायर फुगून गोल होतं आणि दगडावर मधली एक पट्टीच टेकते. ४ला तेच टायर दगडाच्या कडेला गुंडाळलं जातं. फरक पहिल्याच ओल्या दगडावर कळेल.

पण त्यासाठी कमी दाबाचं गेज पाहिजे, ० ते १५ पीएसआयचं. पेट्रोल पंपावरचं गेज ४ आणि ७ मधला फरक धड दाखवत नाही. आणि एवढ्या कमी हवेवर रस्त्याने अजिबात जायचं नाही.

टायरही नीट बघा. जुन्या गाडीवर बहुधा टायरवरच्या रबरी ठोकळ्यांच्या पुढच्या कडा गोल झालेल्या असतात. मधोमध खोली भरपूर दिसते, पण पकड त्या कडांचीच असते. रबर अजून मऊ असेल तर टायर काढून उलटं बसवा, मागच्या ताज्या कडा पुढे येतात. बसवताना रिमच्या कडेला साबणाचं पाणी भरपूर लावा. टायर रिमला टक् टक् आवाज करत बसेपर्यंत हवा जास्त भरावी लागते, बसलं की उतरवा. रबर कडक झालं असेल, नखाने दाबून काहीच होत नसेल, तर नवं घ्या. या गाडीवर मोठा खर्च करायचाच असेल तर पहिला मान मागच्या टायरचा.

क्लच. नव्या प्लेटा आणायची घाई नको. थंडीत प्लेटा चिकटणं या प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत दिसतं. इंजिन बंद असताना दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण ओढून धरा आणि गाडी मागे-पुढे ढकला. आधी चाक अडून राहील, मग एकदम सैल होईल. प्लेटा सुटल्या. आता न्यूट्रल करून किक मारा आणि इंजिन नीट गरम होऊ द्या. एवढ्यावर भागलं तर क्लच उघडायची गरज नाही.

गरम झाल्यावरही गाडी पुढे ओढत असेल तर स्वस्तापासून महागाकडे जा. पहिलं गिअरबॉक्सचं ऑइल. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, जाड ऑइल थंडीत प्लेटांना धरून ठेवतं. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं पातळ ऑइल घाला. इकडे बरेच जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ वापरतात. कारच्या इंजिनाचं ऑइल घालू नका, त्यातल्या काही रसायनांनी क्लच घसरायला लागतो.

दुसरं, हायड्रॉलिकमधली, म्हणजे लिव्हरचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलच्या नळीतली हवा. या लिव्हरची चाल मुळातच तोकडी असते, त्यामुळे हवेचा एक बुडबुडासुद्धा क्लच पूर्ण सुटू देत नाही. वरून पंप करत बसलं तर हवा काही निघत नाही. केमिस्टकडून मोठी सिरिंज आणा, तिला पारदर्शक नळी लावा, नळीत ऑइल भरून हवा काढा आणि इंजिनाजवळच्या खालच्या निपलला (हवा काढायच्या पोकळ स्क्रूला) जोडा. वर लिव्हरजवळच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडून, निपल अर्धा फेरा सैल करून खालून हळूहळू ऑइल ढकला. बुडबुडे आपोआप वर येतात, डबीत फुटताना दिसतात. डबी ओसंडणार नाही याकडे लक्ष ठेवा आणि खाली फडकं घाला. ऑइल कुठलं ते झाकणावर वाचा: कुठे डॉट ४ लागतं, कुठे मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतले रबर फुगतात आणि लिव्हरजवळचा अख्खा मास्टर सिलिंडर (ऑइल ढकलणारा पंप) जातो.

तिसरं फार कमी लोक बघतात. लिव्हर सोडलेला असताना त्याला किंचित, एखादा मिलिमीटर मोकळा खेळ हवाच. लिव्हर बोटाच्या जवळ आणायच्या नादात स्क्रू जास्त आत फिरवला जातो, मग पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि डबीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. इंजिन तापलं की ऑइल प्रसरण पावतं, त्याला परत जायला वाट नसते, आणि क्लच आपोआप अर्धवट दाबला जातो. घरी ठीक चालणारी गाडी तासाभराने चढावर घसरायला लागली तर आधी हा खेळ तपासा. पुढच्या ब्रेकलाही हेच लागू, तिथे चाक जाम होतं.

एवढं करूनही फरक नाही पडला तर मग प्लेटा. पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी क्लचच्या विरुद्ध कुशीवर आडवी करा, ऑइल न काढताही झाकण उघडता येतं. स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवून वाकल्या आहेत का बघा. निळी झाक आली असेल तर तापल्या आहेत. फायबरच्या प्लेटा व्हर्नियरने मोजा आणि पुस्तिकेतल्या मापाशी ताडा. मग बास्केटच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या, बोटांवर नख फिरवा. प्लेटांनी खाचा पाडल्या असतील तर नख अडकतं, आणि जिथे नख अडकतं तिथेच प्लेटाही अडकतात. लिव्हर सोडताना क्लच झटक्याने लागतो तो यामुळे. खाच उथळ असेल तर बारीक कानशीने सपाट करा, खोल असेल तर बास्केट बदला. अशा बास्केटमध्ये नव्या प्लेटा टाकून उपयोग नाही.

पेट्रोल-ऑइल तुमच्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच. पुस्तिका नसेल तर कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या गाड्यांच्याही मिळतात. चांगलं सिंथेटिक ऑइल वापरून १.५ टक्के म्हणजे लीटरला १५ मिली, साधारण ६६:१, हे प्रमाण या गाड्यांत रुळलेलं आहे. ५०:१ने इंजिनाचं नुकसान होत नाही, पण ट्रायल्समध्ये इंजिन सतत मंद फिरतं, जास्तीचं ऑइल जळत नाही आणि सायलेन्सरमध्ये साचतं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं आहे. महागडं ई-५ घ्या. टाकीत मावतंच दोन-अडीच लीटर. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर कार्बुरेटर रिकामा करून ठेवा.

चालवून आल्यावर धुवायची, तेव्हा एअर बॉक्सचं तोंड आणि सायलेन्सरचं टोक बंद करून. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगांवर आणि मागच्या शॉकच्या लिंकेजवर धरू नका, तिथे बादली आणि ब्रशच बरा. फोमचा एअर फिल्टर ओल्या दिवसानंतर दर वेळी बाहेर काढा. फिल्टर क्लीनरमध्ये धुवा, मग गरम साबणाच्या पाण्यात, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावा आणि हातात दाबून सगळीकडे पसरवा. पिळू नका, सांधे उसवतात. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा, धूळ तिथूनच आत शिरते.

चेन, स्पोक, बोल्ट हे तुम्हाला माहीत असेलच, ते दर वेळी बघायचं.

एक जागा मात्र जुनी गाडी घेणाऱ्याने पहिल्याच महिन्यात उघडली पाहिजे: मागच्या शॉकखालचं लिंकेज, म्हणजे चाकाची हालचाल शॉकपर्यंत नेणारे जोड. ते चाकाच्या पुढे, सगळ्यांत खाली, सतत पाण्यात आणि चिखलात असतं. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून सावकाश वर उचला. शॉक हलायच्या आधी कट् असा खेळ जाणवला तर बेअरिंगं गेली. नाही जाणवला तरी बोल्ट काढाच. बऱ्याचदा आत ग्रीसऐवजी तांबडी पूड आणि सुईसारखे गंजके रोलर निघतात. रोलर सुटे असतील तर खाली पांढरं कापड अंथरा, एक जरी घरंगळला तरी शोधता येतो. केरोसीनने धुऊन, पाण्याला दाद न देणारं ग्रीस भरून परत बसवा. मागचं चाक दगडांवरून उसळतं आणि माणूस आपल्या चालवण्याला दोष देत बसतो, त्यामागे अनेकदा हे लिंकेज असतं.

आणि सरावाची जागा. मोकळा मूर दिसला म्हणून गाडी घालू नका. परवानगीशिवाय माळावर गाडी चालवणं इथे गुन्हा आहे, पोलिस गाडी जप्त करू शकतात. क्लबचे सभासद व्हा, क्लबांकडे सरावाच्या जागा असतात. तोवर घरामागच्या अंगणात इंजिन बंद ठेवून, पुढचा ब्रेक धरून फूटपेगवर उभं राहा आणि तोल सांभाळा. शेजाऱ्यांना त्रास नाही आणि फायदा मोठा.

मिस्त्री_कोल्हापूर

राम राम. कीथलीकरांनी क्लचचं एक नंबर सांगितलंय. मी टू-स्ट्रोकवाला आहे, आमच्याकडं अजून आरएक्स १०० आणि येझदी सांभाळणारी पोरं येतात. ट्रायल्सची गाडी हाताखाली आलेली नाही, पण टू-स्ट्रोक इंजिन सगळीकडं सारखंच बोलतं, म्हणून दोन गोष्टी.

जुनी गाडी घेतलीय तर क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या सीलकडं लक्ष ठेवा. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतं. धूर गरम झाल्यावरही कमी होत नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल गळती नसताना कमी होतं. म्हणून ऑइल बदलताना किती निघालं ते मापून लिहून ठेवा. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस वरच टांगून राहते, लवकर खाली येत नाही. तशी गाडी चालवत राहू नका, मिश्रण पातळ होऊन पिस्टन धरतो.

दुसरं, ऑइलचं प्रमाण सारखं बदलू नका. ऑइल वाढवलं म्हणजे तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी झालं, मग जेटिंग, म्हणजे कार्बुरेटरमधलं हवा-पेट्रोलचं प्रमाण, आपोआप हलतं. एकच प्रमाण, एकच ऑइल ठरवा, मग प्लगचा रंग बघून पुढचं. मापायला सिरिंजच वापरा, बाटलीच्या झाकणानं अंदाज नको.

माळरान_ग्लासगो

मी मूळची रत्नागिरीची. नवरा ट्रायल्स चालवायचा म्हणून मी ऑब्झर्व्हर म्हणून, म्हणजे सेक्शनवर स्वारांचे गुण नोंदवायला, उभी राहायला लागले, आता स्वतः १२५ चालवते. गाडीबद्दल वरच्या दोघांनी सांगितलंच आहे, मी सेक्शनबद्दल सांगते.

सातारकर, पहिल्या ट्रायलआधी एकदा ऑब्झर्व्हर म्हणून नाव द्या. क्लबांना माणसं कायम कमी पडतात आणि तुम्हाला दिवसभर एकाच दगडावर वेगवेगळे स्वार जाताना दिसतात. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. सेक्शन पूर्णच झाला नाही तर पाच. हे कागदावर सोपं आहे, पण तिथे उभं राहिलं की त्यातली युक्ती कळते: दोनदा पाय टेकला आणि गाडी अजून चालते आहे तर लाज न बाळगता तिसरा, चौथा, पाचवाही टेकून बाहेर पडायचं. तीनच लागतील. नवे लोक देखणेपणाने चालवायला जातात आणि पाच घेतात. थांबण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, काही ठिकाणी गाडी थांबली तरी पाच. सकाळी विचारून घ्या.

लाल खूण उजवीकडे, निळी डावीकडे, त्यांच्या मधून जायचं. आधी सेक्शन पायी चालून या, दोन्ही दिशांनी. बाहेर पडायच्या जागेवरून मागे वळून पाहिलं की वाट जास्त स्पष्ट दिसते. मनगटाला दोरीने बांधायचा किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण) गाडीला आहे ना, तो चालतो ना, हे पहिल्यांदा तपासा. गाडी अंगावर आली तर इंजिन लगेच बंद झालं पाहिजे.

आणि मे महिन्याच्या सुरुवातीला जमलं तर स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला या. १९०९ पासूनची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल आहे ही. सहा दिवस पाणथळ माळ, धबधब्यांचे कातळ, आणि रात्री सगळ्या गाड्या बंद आवारात, स्वारांना त्यांना हात लावता येत नाही. देखभाल कशासाठी हे तिथे बघायला मिळतं. वार्षिक रजा टाकून येणारे साधे नोकरदारही त्यात असतात, ते सहाव्या दिवशी गाडी परत आणतात तेव्हा मला प्रत्येक वेळी भरून येतं.

सातारकर_लीड्स

सगळ्यांचे मनापासून आभार! कीथलीकर काका (काका म्हटलं तर चालेल ना?), काल गेज आणून मागे ४.५ आणि पुढे ६ हवा केली. सहकाऱ्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओढ्यात गेलो होतो. तोच ओला दगड, तोच गिअर, गाडी सरळ वर! क्लच ढकलून मोकळा केल्यावर उडी मारत नाही, पण गरम झाल्यावर थोडा ओढतोच. गिअरबॉक्सचं ऑइल काळं निघालं, मापून लिहून ठेवलं आहे. मागचं चाक उचलून बघितलं, खेळ आहे. लिंकेज शनिवारी उघडतो.

माळरान ताई, क्लबला ऑब्झर्व्हरसाठी कळवलं, त्यांनी लगेच होकार दिला.

दोन प्रश्न राहिले. मोटोक्रॉसचे बूट आहेत, चालतील का? आणि पहिल्या ट्रायलला कुठल्या गटात नाव देऊ?

कीथलीकर

काका म्हणा, खुशाल म्हणा.

मोटोक्रॉसचे बूट तात्पुरते ठीक, पण ते घोट्यात वाकत नाहीत आणि ट्रायल्समध्ये सगळं घोट्यातून होतं. ट्रायल्सचे बूट जुने मिळाले तरी चालतील, फक्त तळवा घट्ट चिकटलेला हवा. पेगवर चवड्याने उभे राहू नका, तळव्याचा मधला भाग ठेवा. हेल्मेट उघड्या तोंडाचं, हलकं, ट्रायल्ससाठीच बनवलेलं.

नाव सगळ्यांत सोप्या मार्गाला द्या. क्लबच्या ट्रायलमध्ये एकाच सेक्शनमध्ये दोन-तीन मार्ग आखलेले असतात, आणि इथले मुरलेले लोकही वय झालं की सोप्या मार्गाला येतात. त्यांच्यामागे रांगेत उभे राहा, त्यांची क्लचवरची दोन बोटं बघा. एका बोटाने जमत असेल तर तुम्ही एकच वापरा, बाकीची तीन हँडल धरायला मोकळी राहतात.

ऑइल काळं निघालं म्हणजे प्लेटांची भुकटी आहे. नवं घालून थोडं चालवा, परत एकदा काढा, मगच क्लचबद्दल काय ते ठरवा. त्याआधी सिरिंजने खालून हवा काढून घ्या, तासाभराचं काम आहे.

लिंकेजचे बोल्ट बाहेर येत नसतील तर हातोडा सरळ दांड्यावर मारू नका, टोक पसरतं. नट उलटा लावून बोल्टच्या टोकाशी सपाट आणा, आदल्या रात्री भेदक तेल सोडून ठेवा, आणि पितळेचा ठोकळा मध्ये धरून ठोका. बेअरिंगावर बाजूला नंबर कोरलेला असतो, तो पुसून फोटो इथे टाका. साधी औद्योगिक मापं असतील तर बेअरिंगच्या दुकानात स्वस्तात मिळतील, कुठली घ्यायची ते सांगतो.